संध्याकाळी आलेलं उत्तर

बायको गेल्याचं त्याला लिफ्टमध्ये कळलं. हॉस्पिटलची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची, त्यामुळे आत फोन लागायचा. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे असताना मुलीचा फोन आला.

"बाबा, कुठे आहात?"

"आलोच. लिफ्टमध्ये आहे."

मुलगी मग म्हणाली, "आई गेली. आत्ताच. पाच मिनिटं झाली."

लिफ्ट चौथ्या मजल्यावर दोन बोटं खाली थांबली. चाळीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली होती. त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हिचा ब्रेक घासलाय, कुणीतरी ठेच लागून पडेल. हा विचार आल्याची त्याला नंतर फार लाज वाटली, पण आला तो आला. त्याच्या एका हातात चहाचा थर्मास होता आणि काखेत त्या दिवशीचं वर्तमानपत्र. लिफ्टमनने जाळी सरकवली आणि म्हणाला, "काका, उतरा, वर पाचव्याची घंटा वाजतेय." तो उतरला.

तो बुधवार होता. बायको शेवटचं बोलली ती मंगळवारी संध्याकाळी. भेटीची वेळ संपली म्हणून आया सगळ्यांना बाहेर काढत होती. तो थर्मासचं झाकण लावत होता. बायकोने डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "देऊन टाकावं. ठेवून काय करायचंय."

तो म्हणाला, "हो हो. तू झोप आता."

काय देऊन टाकावं, हे त्याने विचारलं नाही. विचारायची सवयच राहिली नव्हती.

ह्याचं कारण सांगायला हवं. बायको लग्नाआधीपासून ट्यूबलाइटचे चोक आणि ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका कंपनीत कॉइल भरायला होती. एका कॉइलला तांब्याच्या तारेचे अकराशे वेढे. यंत्राला आकडा दाखवणारं घड्याळ होतं, पण ते मधेच दात चुकवायचं, म्हणून बायका तोंडाने मोजायच्या. मोजताना कुणी काही विचारलं तर बोलायची सोय नव्हती, बोललं की आकडा गेला आणि कॉइल भंगारात. तेव्हा विचारणाऱ्याने विचारून ठेवायचं आणि उत्तर कॉइल उतरल्यावर घ्यायचं, अशी तिथली रीत. वीस वर्षांत ही रीत बायकोच्या हाडीमाशी खिळली. सकाळी विचारलेल्या गोष्टीचं उत्तर ती संध्याकाळी द्यायची. भाजी चिरताना, जिना चढताना, कुणाच्या तरी घरी बसलेली असताना अचानक म्हणायची, "मला नाही तसं वाटत." कशाबद्दल, ते तिच्या डोक्यात पक्कं असायचं. ह्याच्या डोक्यातून तो प्रश्न केव्हाच गेलेला असायचा, कारण हा दिवसाला पन्नास प्रश्न विचारणारा माणूस.

एकदा शेजाऱ्यांकडे बसले होते. शेजारी स्टुलावर चढून दिवा बदलत होता. बायको त्याच्याकडे बघत म्हणाली, "पडणार. चार महिने काढले तरी खूप." शेजारी मुकाट्याने खाली उतरला आणि त्याने मुलाला चढवलं. ती बोलत होती सरकारबद्दल. नवं सरकार टिकेल का, असं नवऱ्याने सकाळी चहाच्या वेळी विचारलं होतं. सरकार साडेतीन महिन्यांत पडलं. नवऱ्याने मात्र ते सरकार पाच वर्षं कुठे हलत नाही, असं इस्त्रीवाल्याच्या दुकानात छातीठोकपणे सांगून ठेवलेलं होतं.

त्याला मतं फार. रोज सकाळी तो वर्तमानपत्र बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचा आणि प्रत्येक बातमीमागे आपलं मत जोडायचा. देशाच्या कारभाराबद्दल, शेजारच्या देशाबद्दल, त्याच्याही पलीकडच्या देशांबद्दल. नदीकाठच्या पट्टीचा वाद तर त्याच्या लग्नाआधीपासून चालू होता. आपल्या आणि शेजारच्या देशाच्या मधली नदी पात्र बदलून सरकली, आणि पंधरा-वीस मैल लांबीची एक पट्टी कुणाची, ह्यावर दोन्हीकडे भांडण. ह्याचं म्हणणं, एक वीतभर द्यायची नाही. हे तो इस्त्रीवाल्याला सांगायचा, लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला असताना वर वाकून बघणाऱ्या वॉचमनला सांगायचा आणि बायकोला सांगायचा.

आणि शेअर. बायकोच्या कंपनीने एका वर्षी बोनसच्या बदल्यात कामगारांना शेअर दिले होते. बाकीच्यांनी महिन्याभरात विकून कुणी रेडिओ घेतला, कुणी सायकल. हिने ठेवले. ते तिच्या आणि नवऱ्याच्या जोडनावावर होते. तिचं नाव पहिलं. ह्याने ते विकायचा धोशा एकतीस वर्षं लावला होता. सीमेवर सैन्य जमलं की म्हणायचा, वीक, लढाई होणार, सगळं मातीमोल होईल. निवडणूक आली की म्हणायचा, वीक, हे लोक आले तर कारखाने बुडवतील. दुसरे आले तरी वीकच. संध्याकाळी पोळ्यांचं पीठ मळता मळता उत्तर यायचं, "नाही विकायचे." का नाही, विचारलं तर म्हणायची, "पाळी सुटताना मी गेटवर बघून आले. बाया कमी झाल्या नाहीत." नोकरी सुटल्यावरही वर्षातून एकदा ती कंपनीच्या गेटसमोर उभी राहून बाहेर पडणाऱ्या बाया मोजून यायची. तिचा सगळा अभ्यास एवढाच. लढाई झाली, सरकारं आली गेली, शेअर एकाचे दोन आणि दोनाचे पाच झाले.

आता त्या मंगळवारचं. सोमवारी घरी एक पत्र आलं होतं. एका परदेशी कंपनीने ही चोकवाली कंपनी विकत घ्यायचं ठरवलं होतं. ज्यांच्याकडे शेअर आहेत त्यांनी महिनाअखेरपर्यंत ठरलेल्या भावाने द्यावेत. पुढे ते बाजारातून काढले जाणार, म्हणजे कुणी घेणारा उरणार नाही. मंगळवारी सकाळी हॉस्पिटलला निघताना जिन्यात खालचा मोटार वायंडिंगवाला भेटला. घरी बायकोचं एक कॉइल भरायचं हातयंत्र होतं, ते द्याल का, म्हणाला. आणि त्याच दिवशी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर होतं, की सरकार नदीकाठची पट्टी शेजारच्या देशाला देऊन वाद मिटवायच्या विचारात आहे.

ह्या तिन्ही गोष्टी त्याने सकाळी बायकोला विचारल्या होत्या. यंत्र द्यायचं का, शेअर द्यायचे का, पट्टी द्यावी का. संध्याकाळी उत्तर आलं, देऊन टाकावं.

हे त्याच्या लक्षात यायला बारा दिवस लागले. तोवर घर माणसांनी भरलेलं होतं. मग एकेक जण गेला. मुलगी दुसऱ्या शहरात औषधाच्या दुकानात कामाला, तीही जायला निघाली. पिशवी खांद्याला लावून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, ते शेअरचं बघा. महिनाअखेरची मुदत आहे. नंतर कुत्रं विचारणार नाही."

"परदेशी कंपनीला द्यायचे?"

"भाव बरा देतायत ना? मग देशी काय आणि परदेशी काय."

"तसं नसतं ते."

"कसं असतं ते तुम्ही इस्त्रीवाल्या काकांना सांगा. मला गाडी आहे."

त्याने खरंच इस्त्रीवाल्याला सांगितलं. आज चोकची कंपनी देतील, उद्या विजेची देतील, परवा धरणं देतील. इस्त्रीवाल्याने कॉलरवर पाणी मारलं आणि विचारलं, "काका, पण चोक आता वापरतं कोण?" घरी येऊन तो आरामखुर्चीत बसला, खिशातलं पत्र काढलं, आणि तेव्हा त्याला बायकोचं वाक्य आठवलं. तो मनाशी म्हणाला, तिने सांगून ठेवलंय की. आपल्या मताला आता कोण विचारतंय. तिचे शेअर, तिचं सांगणं. देऊन टाकायचे.

दुसऱ्या दिवशी तो शेअरदलालाकडे गेला. ह्या माणसाला सगळे लांबपल्ले म्हणत. आलेल्या प्रत्येकाला तो सांगायचा, लांबचा पल्ला ठेवा, वीस वर्षं बघू नका. स्वतः सकाळी घ्यायचा आणि चहाच्या आत विकायचा. एका पतपेढीच्या वरच्या मजल्यावर त्याची खोली होती. दोन टेबलं, तीन पडदे, पडद्यांवर हिरवे-लाल आकडे.

"वहिनींचं कळलं," लांबपल्ले उठून उभा राहिला. "मला यायचं होतं, पण बाजार..."

"असू दे. हे द्यायचेत." त्याने पत्र पुढे केलं.

लांबपल्ल्याने पत्र वाचलं, कपाटातून एक अर्ज काढला. "आधी हे करावं लागेल. जोडनाव आहे ना, त्यातलं पहिलं नाव कमी करायचं. मग तुमच्या एकट्याच्या नावावर येतात, मग द्यायचे. इथे मयत व्यक्तीचं नाव, इथे तारीख, इथे तुमची सही. आठवडाभर लागतो, म्हणजे मुदतीत बसतंय."

त्याने पेन घेतलं. 'कमी करावयाचे नाव' अशी ओळ होती आणि पुढे ठिपके. त्याने पेन तसंच धरून ठेवलं.

"ती तुम्हाला ह्याबद्दल काही बोलली होती का?"

"त्या?" लांबपल्ले हसला. "एकतीस वर्षांत त्यांनी माझ्यासमोर विकायचं नाव काढलं नाही. मागे दोन वर्षांपूर्वी मीच म्हटलं, वहिनी, भाव डोक्यावर गेलाय, अर्धे तरी मोकळे करा. तर मला म्हणतात, तुम्ही सकाळी जेवलात म्हणून संध्याकाळी ताट विकता का?"

"असं म्हणाली?"

"दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाल्या. मी विचारलं होतं आदल्या दिवशी."

त्याने पेन खाली ठेवलं. अर्ज घडी करून खिशात घातला. जिना उतरताना तो विचार करत होता, की एकतीस वर्षं जिने अर्धाही शेअर मोकळा केला नाही, ती एका संध्याकाळी सगळेच देऊन टाका म्हणेल का? म्हणेलही, मरताना माणूस काहीही म्हणतं. पण तिचा आवाज मरणाऱ्याचा नव्हता. बटाटे संपलेत, असं सांगावं तसा होता. मग ती यंत्राबद्दल बोलत असेल. नाहीतर पट्टीबद्दल. पण पट्टीबद्दल ती कशाला बोलेल?

ह्या विचाराने त्याचं डोकं भणभणलं. दोन रात्री नीट झोप नाही. शेवटी तिसऱ्या दिवशी तो कंपनीच्या गेटवर गेला. समोर बायकोच्या बरोबरची एक बाई वह्या-पेनांचं दुकान चालवायची. तिला सगळे हजारी म्हणत, कारण हजार वेढ्यांत ती कधी चुकली नव्हती. तो पोहोचला तेव्हा पाळी सुटली होती. गेटातून बाया बाहेर येत होत्या. त्याने मोजल्या. अडतीस.

"एवढ्याच?" त्याने हजारीला विचारलं.

"आता कॉइल यंत्रं भरतात भाऊजी. बाया नुसत्या डब्यात घालतात. गेल्या वर्षी ती आली होती ना मोजायला, तेव्हा चाळीस होत्या. मला म्हणाली, ह्यावरून आता काही कळत नाही गं."

"मग कशावरून ठरवायचं म्हणाली?"

"ते नाही बोलली. बसा." तिने स्टूल पुढे सरकवलं.

त्याने सगळं सांगितलं. तीन प्रश्न, एक उत्तर. हजारी वह्यांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "ओळ काय होती?"

"कसली ओळ?"

"प्रश्नांची ओळ हो. आमच्यात नियम होता. कॉइल चालू असताना तिघींनी तीन गोष्टी विचारल्या, तर उतरल्यावर पहिलीला पहिलं उत्तर. एका कॉइलमागे एकच. दुसरी कॉइल चढवायची, ती उतरली की दुसरीला. ओळ मोडली की भांडणं व्हायची, सुपरवायझरपर्यंत जायची. तुमच्या बायकोने कधी ओळ मोडली नाही. तिने फक्त पहिल्याचं उत्तर दिलंय. बाकीच्या दोन प्रश्नांपर्यंत ती पोचलीच नाही."

"घरीसुद्धा असंच करत होती?"

"घरी नेण्यासाठी दुसरं डोकं कुठून आणायचं भाऊजी?"

तो उन्हात उभा असल्यासारखा डोळे बारीक करून बसला. एकतीस नाही, सदतीस वर्षांचा संसार. उत्तरं ओळीने येत होती, आणि त्याला वाटायचं, ही मनाला येईल ते बोलते.

"मग पहिलं काय विचारलंत?"

"तेच आठवत नाही."

"तुमचेच प्रश्न ना?"

"माझेच. पण मी कुठे लक्ष देतो मी काय बोलतो तिकडे."

हजारीला हसू आलं. तिने ते पदराने पुसल्यासारखं केलं आणि त्याला पाणी दिलं.

घरी येऊन त्याने पुष्कळ डोकं खाजवलं. पत्र खिशात होतं, म्हणजे शेअरचं आधी विचारलं असेल. पण वायंडिंगवाला नुकताच जिन्यात भेटला होता, म्हणजे यंत्राचं तोंडावर असेल. त्याने थर्मास हातात घेऊन दारातून आत येऊनसुद्धा पाहिलं. खाट रिकामी दिसली आणि काही आठवलं नाही. मुदतीला सहा दिवस उरले होते.

रविवारी मुलगी आली. आईचं कपाट आवरायचं होतं. ती जमिनीवर बसून कपड्यांचे गठ्ठे करत होती आणि तो खुर्चीत बसून बघत होता.

"त्या मंगळवारी सकाळी मी वॉर्डात आलो, तेव्हा तू होतीस ना?"

"होते की. रात्रभर मीच होते."

"आल्या आल्या मी पहिलं काय बोललो?"

मुलीने हातातलं पोलकं खाली ठेवलं. "कशाला?"

"सांग ना."

"खरंच आठवत नाही तुम्हाला?"

"नाही."

"तुम्ही दारातूनच बोलत आलात. पेपर उघडून. पट्टी द्यायची म्हणतायत, एवढी माणसं मेली ती काय ह्यासाठी, तुझं काय मत, द्यावी का? वॉर्डातल्या सगळ्या बायका बघायला लागल्या. सिस्टर आईची सुई काढत होती, हात एवढा सुजला होता." तिने हाताने दाखवलं. "रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. मला इतका राग आला ना बाबा. मी थर्मास घेतला आणि कप आणायच्या निमित्ताने बाहेर गेले."

"शेअरचं?"

"ते चहा ओतताना. यंत्राचं तर मी घरी जायला निघाले तेव्हा. बोलता बोलता तिला म्हणालात, खालचा मागतोय."

"आणि रात्र कशी गेली, असं मी तिला..."

"नाही विचारलंत."

मुलीने पोलकं उचललं, घडी केली, मग घडी मोडून पुन्हा केली.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "म्हणजे पट्टी द्यावी, असं म्हणाली ती."

"कोण?"

त्याने हजारीचं सांगणं सगळं सांगितलं. मुलगी आधी त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिला हसू फुटलं. हसता हसता तिने कपड्यांच्या गठ्ठ्यात तोंड घातलं आणि बराच वेळ वर काढलं नाही. वर काढलं तेव्हा डोळे लाल होते.

"आई म्हणायचीच तसं. फोनवर मला सांगायची. तुझ्या बाबांची ती पट्टी, नुसती वाळू आहे म्हणे तिथे, गवतसुद्धा उगवत नाही. आणि दर दोन वर्षांनी माणसं मारायची तिच्यासाठी."

"प्रश्न उगवण्याचा नाहीच आहे," तो एकदम ताठ बसून म्हणाला. "प्रश्न पाण्याचा आहे. आज काठ दिला की उद्या पात्र मागतील. हे तिला..."

तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बोलत होता. मुलीने तिकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे. तो थांबला.

"बोला ना," मुलगी म्हणाली. "पाण्याचा कसा?"

पण मुलीला सांगण्यात त्याला रस नव्हता. एवढी वर्षं समोर कुणी नाही असं समजून तो एकटाच दांडपट्टा फिरवत होता, आणि समोरून उत्तरं येत होती. आता कुठे वाद घालायला माणूस मिळालं होतं.

"मग शेअरचं काय?" मुलीने विचारलं.

"तिचं उत्तर आलेलं नाही."

"आता येणार पण नाही. तुमचं तुम्हालाच ठरवावं लागेल बाबा."

सोमवार, मंगळवार, बुधवार त्याने ठरवण्यात घालवले. त्याने पत्र चार वेळा वाचलं. परदेशी कंपनीचा राग आणून पाहिला. राग आला, पण तो कंपनीवर होता, शेअरवर नव्हता. शेअर हातात धरून, हे ठेवावेत की द्यावेत, असं त्याने स्वतःला विचारलं तेव्हा त्याला आढळलं, की ह्या बाबतीत त्याचं स्वतःचं मत कधी नव्हतंच. लढाईबद्दल होतं, सरकारबद्दल होतं. त्या मतांना धरून तो वीक वीक म्हणायचा. कंपनी काय बनवते, कोणाला विकते, किती बाया कामाला आहेत, हे त्याने कधी बघितलं नव्हतं. ते बघायचं काम तिच्याकडे होतं.

मुदतीच्या दिवशी तो लांबपल्ल्याकडे गेला. दुपारचे अडीच वाजले होते. साडेतीनला सगळं बंद होणार होतं.

"फार उशीर केलात," लांबपल्ले म्हणाला. "अर्ज आणलाय? आणला असेल तर मी धावपळ करून बघतो. ओळखीचा माणूस आहे."

"नको. राहू दे."

"राहू दे म्हणजे? उद्यापासून ह्याला गिऱ्हाईक नाही. कागद होतील नुसते."

"माहीत आहे."

"मग का ठेवताय ते तरी सांगा. वहिनी ठेवा म्हणाल्या?"

"नाही. तिने काहीच सांगितलं नाही. तिने एकतीस वर्षं बघून बघून ठेवले. मी एका दुपारी द्यायचे, तर मला तिच्याएवढं काहीतरी माहीत पाहिजे. मला काही माहीत नाही."

लांबपल्ले खुर्चीत मागे टेकला. "ह्यालाच आम्ही लांबचा पल्ला म्हणतो."

"पल्ला वगैरे काही नाही. हे न कळणं आहे. तुम्ही त्याला नाव देऊ नका."

लांबपल्ल्याने पडद्याकडे पाहिलं. आकडे हलत होते. मग त्याने ड्रॉवर उघडला, बंद केला आणि म्हणाला, "नाव तरी कमी करून घ्या. पुढेमागे अडचण येते. त्याला मुदत नाही, पण करून टाकलेलं बरं."

"बघतो."

साडेतीन वाजेपर्यंत तो तिथेच बसला. त्या वेळात लांबपल्ल्याने कसले तरी शेअर घेतले आणि विकले. साडेतीनला पडदे थांबले, तेव्हा तो उठला.

संध्याकाळी त्याने मुलीला फोन करून सांगितलं. ती चिडेल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "बरं. जेवलात का?" तो म्हणाला, जेवलो. मग त्याने विचारलं, "तू? दिवस कसा गेला तुझा?" दुकानात आलेल्या एका भांडकुदळ गिऱ्हाइकाची हकीकत तिने पंधरा मिनिटं सांगितली. त्याने मधे एकदाही आपलं मत दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात सरकारने पट्टीच्या करारावर सही केली. इस्त्रीवाल्याने पेपर पुढे ढकलला, इस्त्री बाजूला उभी केली आणि तो ऐकायच्या तयारीने उभा राहिला. "बोला काका. दिली शेवटी."

"वाचलं."

"मग? काय मत?"

"आमच्या घरात त्यावर दोन मतं आहेत," तो म्हणाला, आणि आपले दोन शर्ट घेऊन निघाला.

वायंडिंगवाल्याला त्याने अजून हो किंवा नाही सांगितलेलं नाही. शेअर आहेत तिथेच आहेत, दोघांच्या नावावर. अर्जात तारीख घातलेली आहे, खाली त्याची सही आहे. कमी करावयाच्या नावाची ओळ भरायची राहिली आहे.